रुळांपलीकडची ईद

रमजान, सतरावा रोजा

प्रिय छोटी,

आपाचा सलाम आणि पोटभर दुवा.

पत्र पाहून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण आमचा फोन दुकानात मास्तरांच्या कात्रीशेजारी असतो आणि मला जे सांगायचंय ते मास्तरांबद्दलच आहे. वाचून झालं की पत्र फाडून टाक. तुझ्या कारागिरांच्या हाती तर मुळीच लागू देऊ नकोस. तुझा नवरा काय, माझा काय, साडू-साडू आतून एक असतात.

ईद तोंडावर आली की आमच्या घराची काय दशा होते ते तू पाहिलंयस. दुकानात मावत नाहीत ते कपडे घरी येतात, पलंगावर, खुर्च्यांवर, मुलांच्या अंगावरसुद्धा. मास्तर कापतात, मशीनवरची माणसं शिवतात आणि काज, बटण, तुरपाई माझ्याकडे. आमच्या दुकानाचा एकही कपडा माझ्या सुईखालून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या अंगावर चढत नाही. म्हणून सांगते, परवा कात्रणांच्या पोत्यात मला जे सापडलं, ते माझ्या सुईखालून गेलेलं नाही.

जांभळं साटिन. त्यावर बारीक चंदेरी ठिपके. चांगलं महागातलं. मी दार लावून घेतलं आणि जमिनीवर कात्रणं जुळवत बसले. गोल गळा, फुगीर बाही, खाली भरपूर घेर. सात-आठ वर्षांच्या मुलीचा फ्रॉक. छोटे, आमचे मास्तर पुरुषांचे कपडे शिवतात. त्यांनी उभ्या आयुष्यात मुलीचा फ्रॉक शिवलेला नाही. आम्हाला दोन्ही मुलगेच, तेही आता मिशा फुटायच्या वयाचे.

विचारलं, कुणाचं हे? म्हणाले, गिऱ्हाइकाचं. कोणतं गिऱ्हाईक? आहे एक. आणि लगेच इस्त्री तापली का म्हणून ओरडले. माझा नवरा ओरडत नाही, तुला माहीत आहे. त्याला ओरडायला फुरसत नसते.

आता पुढचं ऐक. शुक्रवारी ते तुमच्या गावी येणार आहेत. म्हणे अस्तर आणायचंय. ऐन हंगामात, दुकान माणसांवर टाकून, दिवसभराचा प्रवास करून, रोजा ठेवून अस्तर. अस्तर इथे समोरच्या गल्लीत मिळतं. माझ्या डोळ्यांत धूळ फेकायची तर निदान बरी धूळ तरी निवडायची.

तू माझी सख्खी बहीण आहेस. ते कुठे जातात, कुणाला भेटतात, हातात काय नेतात आणि काय आणतात, एवढं बघ. बाकी मी बघते.

तुझी आपा


रमजान, विसावा रोजा

आपा,

सलाम. तुझं पत्र वाचून आधी मी पोट धरून हसले. भाऊजी आणि भानगड? ज्या माणसाला स्वतःच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण महिना महिना दिसत नाही, तो चोरून संसार काय करणार? मनात म्हटलं, आपाला उपास लागलाय, त्यात काजं करून करून डोळे गेलेत, आता सुईच्या नेढ्यातून सवत दिसायला लागली.

मग शुक्रवारी भाऊजी आले आणि माझं हसू जागच्या जागी राहिलं.

त्यांच्या हातात पुडकं होतं. खाकी कागद, वर सुतळी. मी म्हटलं, आपानं काय पाठवलं? तर ते पुडकं मांडीवरून उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं आणि म्हणाले, हे दुकानाचं आहे. तुम्ही अस्तर घ्यायला आलात ना, मग दुकानाचं उलट कशाला आणलंत? भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच वाईट वाटलं. घाम फुटला होता त्यांना. आणि गळ्यात टेप तशीच लोंबत होती, काढायची विसरले होते.

जुम्म्याची नमाज झाली. मी म्हटलं, इफ्तार करूनच जा. नाही म्हणाले. कारागीर त्यांना पोचवायला निघाले. मी गच्चीवर कपडे काढायच्या निमित्ताने चढले. बाजार आमच्या घरापासून डावीकडे, स्टँडही डावीकडे. हे दोघे उजवीकडे वळले, थेट रुळांच्या दिशेने. तासाभराने आमच्या दारावरूनच परत स्टँडकडे गेले तेव्हा पुडकं नव्हतं, आणि अस्तरही नव्हतं.

मी कारागिरांना विचारलं, कुठे गेला होतात? म्हणाले, त्यांचं एक गिऱ्हाईक आहे पलीकडे. एवढंच. मग मशीनचा शटल घेऊन तेल घालत बसले. आमच्या घरात बोलणं टाळायचं असलं की मशिनींना तेल मिळतं.

पलीकडची वस्ती म्हणजे रुळांच्या पलीकडची. आपण तिकडे फारशा जात नाही. त्यांची मशीद वेगळी, त्यांचा चाँदही वेगळा. लांबच्या शहरातून बातमी आली की ते मानतात, आमचे इमाम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानत नाहीत. त्यामुळे त्यांचा पहिला रोजा आमच्या आदल्या दिवशी आणि ईदही बहुतेक आदल्या दिवशी. एकाच गावात इकडे लोक तोंडाला पाणी लावत नाहीत आणि तिकडे खीर उकळत असते. आमचे कारागीर दरवर्षी त्या दिवशी तिकडे जाऊन येतात. त्यांना मशीन दुरुस्ती शिकवणारे म्हातारे उस्ताद तिकडे राहतात, सदा आजारी. मी म्हणते, रोजा असताना तिकडे खीर बघत कसे बसता? ते म्हणतात, सवय झाली.

असो. भाऊजींचं पलीकडे कोण आहे ते मला आता कळलंच पाहिजे. तू रडू नकोस. माझी दुवा तुझ्यासोबत आहे. स्वतःसाठी जी मागते तीही मागून झाली, या महिन्यात तरी अल्लाने ऐकावी. सात वर्षं झाली गं. कारागीर म्हणतात, मूल नसलं म्हणून काय झालं, आपण दोघं आहोत ना. चांगला माणूस मिळाला मला. म्हणूनच तुझ्यासाठी जीव तुटतो.

तुझी छोटी


रमजान, तेविसावा रोजा

छोटे,

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. मग बसून वाचलं. मग एका गिऱ्हाइकाच्या बाहीला उलटं काज केलं आणि सगळं उसवलं.

मास्तर परत आले ते रिकाम्या हाताने. मी म्हटलं, अस्तर? म्हणाले, मनासारखं नव्हतं. म्हणजे खोटं बोलायचंय आणि त्यासाठी चार वार कापड आणायचीही तसदी नको. इतकी का मी खुळी आहे?

रडत नाहीये. माझा राग रडण्यापलीकडे गेलाय. मी त्यांच्याकडे बघते आणि हिशेब लावते. सात-आठ वर्षांची पोर. तेव्हा मास्तर महिन्यातून एकदा तुमच्या गावी यायचे, कारागिरांकडून जुन्या मशीन घ्यायला. तुझं स्थळही तेव्हाच आणलं त्यांनी. आम्ही सगळे किती खूष होतो. आणि हे गृहस्थ जुन्या मशीन बघायला येत होते की आणखी काही, देव जाणे.

आता माझं डोकं शांतपणे चाललंय, तेव्हा नीट ऐक. नवा कपडा एरवी पेटीत लपतो. ईदला लपत नाही. त्या पोरीला तो फ्रॉक मिळालाय तर ईदच्या सकाळी तो तिच्या अंगावर असणार आणि ती दारात, गल्लीत, जगाला दाखवत हिंडणार. तू लहानपणी शेजाऱ्यांना झोपेतून उठवून फ्रॉक दाखवायचीस. कोणतंही पोर घरात थांबत नाही.

त्यांची ईद आदल्या दिवशी. तू मोकळी असशील. बुरखा घाल, रूळ ओलांड आणि बघ. या पाकिटात त्या कापडाचा तुकडा घातलाय. रंग जुळवून बघ, जांभळ्यांत जांभळी सतरा असतात. पोर सापडली की तिची आई कोण, घर कोणतं, कधीपासून, सगळं विचार. गोड बोलून विचार. तुला गोड बोलता येतं, मला येत नाही.

ईदच्या दिवशी मला खरं कळलं पाहिजे. मग मी दुसऱ्या दिवशी काय करायचं ते करीन. मुलांना घेऊन अब्बांच्या घरी जाईन, नाहीतर मास्तरांची कात्री विहिरीत टाकीन. अजून ठरलं नाही.

तुझी आपा


रमजान, पंचविसावा रोजा

माझी लाडकी छोटी,

आधीचं पत्र मिळालं असेल तर फाड आणि माझ्यावर पोटभर हस. मी मूर्ख आहे. सगळा उलगडा झाला. मी काल मास्तरांना समोर बसवून विचारलं आणि त्यांनी शांतपणे सांगितलं. तो फ्रॉक एका अनाथ पोरीचा आहे. फित्र्यासारखंच, पुण्याचं काम. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये म्हणून मला सांगितलं नव्हतं. बघ, माझ्या नवऱ्याचं मन किती मोठं आणि माझं किती छोटं.

तेव्हा आता पलीकडे जाण्याचं काही कारण उरलं नाही. अजिबात जाऊ नकोस. उपाशीपोटी उन्हात रूळ ओलांडायचे, अनोळखी वस्ती, गर्दी. शिवाय पुण्याच्या कामाची चौकशी केली तर ते पुण्य राहत नाही.

उलट असं कर ना, या ईदला तू इकडेच ये. चाँद दिसायच्या आत ये. कारागिरांना त्यांच्या उस्तादांकडे जाऊ दे, तू आमच्याकडे. किती वर्षं झाली आपण दोघींनी एका ताटात ईद करून. तुझ्यासाठी मी स्वतः कुर्ता शिवायला घेतलाय. मी तुझी वाट बघतेय. परवाच निघ.

तुझी आपा

ता. क. तो कापडाचा तुकडा टाकून दे. उगीच घरात नको.


रमजान, सव्विसावा रोजा

आपा,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. एक वाचलं आणि चप्पल घातली, दुसरं वाचलं आणि चप्पल काढली. मग बराच वेळ दारातच बसून राहिले.

आपा, तुझं दुसरं पत्र तुझ्या अक्षरात आहे, पण तुझं नाही. तू मला आयुष्यात कधी लाडकी म्हणालेली नाहीस. लग्नात पाठवणीच्या वेळीही म्हणालीस, पदर नीट घे, पायात येईल. आणि आता लाडकी?

आधी गिऱ्हाईक होतं, मग अस्तर होतं, आता अनाथ पोर. दान केलं म्हणतेस, ठीक. पण दान लपवणारा माणूस पुडकं मांडीवरून उचलून बाजूला ठेवताना घामाघूम होतो का? आणि अनाथ पोरी काय तुमच्या गावात कमी आहेत? ऐन हंगामात दिवसभर प्रवास करून रुळांपलीकडची पोर शोधावी लागली?

मला काय वाटतं सांगू? तुला खरं कळलंय आणि तू ते गिळून बसली आहेस. मुलांकडे बघून. अब्बांच्या तब्येतीकडे बघून. लोक काय म्हणतील म्हणून. तू दुसऱ्यांच्या बाबतीत वाघीण आणि स्वतःवर आलं की गाय. पण मी गिळणार नाही. तुझ्या वाटचं मी विचारून येईन.

आणि एक, तू रागावशील, पण सांगते. काल इफ्तारला मी कारागिरांना सगळं सांगून टाकलं. एवढं मोठं ओझं एकटीला पेलेना. त्यांचा हात खजुरापाशी थांबला. मग इतके चिडले की मी घाबरले. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नकोस, पलीकडे पाऊल टाकलंस तर बघ, म्हणाले. जेवले नाहीत. सगळे एकाच माळेचे मणी. साडूचं पितळ उघडं पडतंय म्हणून यांच्या पोटात कळ.

पण आज सकाळी स्वतःहून मऊ झाले. म्हणाले, तू आपाकडे जाऊन ये ईदला, बरं वाटेल. आपा, तू तेच लिहितेस आणि हेही तेच म्हणतात. तुमचं दोघांचं काही बोलणं झालंय का? मला गावातून बाहेर काढायची इतकी घाई का सगळ्यांना?

मी कुठेही येत नाही. तुकडा माझ्या पाकिटात आहे.

तुझी छोटी


रमजान, अठ्ठाविसावा रोजा

छोटे,

हात जोडते, जाऊ नकोस. मी येईपर्यंत थांब. तुमच्या ईदच्या दिवशी मी सकाळच्या गाडीने निघते. इथलं घर, मुलं, खीर, सगळं टाकून येते. तोपर्यंत घरात बस.

तू थांबणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तुझा हट्ट मीच वाढवलाय. म्हणून जे समोर बसून सांगायचं होतं ते लिहिते. फोनवर सांगायचा धीर होत नाही, आणि तुझ्या शेजारणीच्या फोनवर तर नाहीच.

ती पोर मास्तरांची नाही. ती तुझ्या कारागिरांची आहे.

तू समजतेस तसं काही नाही. तुझ्या आधी त्यांचं लग्न झालं होतं. ती बाई बाळंतपणात गेली. पोर तिच्या आईकडे, पलीकडच्या वस्तीत वाढतेय. मास्तरांना हे पहिल्यापासून माहीत होतं. अब्बांनी बिजवराला, तेही पोर असलेल्याला, तुला दिलं नसतं. माणूस चांगला, हातात कला, म्हणून मास्तरांनी तोंड मिटलं आणि स्थळ आणलं. पुढे सांगू, पुढे सांगू म्हणत राहिलं ते राहिलंच. दरवर्षी पोरीला तयार कपडे मिळायचे. यंदा तिने हट्ट धरला, मापाचाच फ्रॉक हवा. तुमच्या गावातल्या एकूणएक शिंप्याकडे कारागीर मशीन दुरुस्त करतात. मुलीचा फ्रॉक ते कुणाकडे टाकणार? दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं. म्हणून मास्तरांना गळ घातली. पोरीचं माप चिठ्ठीवर आलं, अंगावर नीट बसतो का ते बघायला मास्तर स्वतः आले.

मला हे चोविसाव्या रोज्याला कळलं. माझ्याच पत्रामुळे तू त्या दारापाशी जाऊन उभी राहणार होतीस, म्हणून खोटं लिहिलं. तुझा संसार मोडू नये एवढंच मनात होतं. मास्तर दोन दिवस जेवलेले नाहीत. त्यांच्यावर राग धरू नकोस, त्यांनी भल्यासाठीच केलं.

मी येते.

आपा


तिसावा रोजा

आपा,

तुझं पत्र आज दुपारी पोचलं. तेव्हा मी पलीकडून परत आले होते.

सकाळी कारागीर माझ्याबरोबर सहरीला उठले. माझ्याबरोबर जेवले, पाणी प्यायले, रोज्याची नियत केली. मग उस्तादांना बघून येतो म्हणून निघाले. मी थोडं थांबून निघाले.

रूळ ओलांडले आणि जग बदललं. इकडे दुकानांची दारं अर्धी लावलेली, तिकडे गल्लीगल्लीत अत्तर. पुरुष नमाजहून परतत होते, जाताना एका रस्त्याने गेलेले, येताना दुसऱ्या रस्त्याने, त्यामुळे सगळीकडूनच माणसं येतायत असं वाटत होतं. जो तो गळ्यात पडत होता. मलाही दोन अनोळखी बायकांनी ईद मुबारक म्हणून मिठी मारली. मी तोंड सुकलेली, त्यांना काय सांगू? मीही ईद मुबारक म्हटलं. पोरं घडीच्या खुणा न मोडलेल्या कपड्यांत ताठ चालत होती. तू म्हणालीस ते खरं होतं, एकही पोर घरात नव्हतं.

ती फुगेवाल्याजवळ होती. तुकडा काढून बघायची गरज पडली नाही. तुरपाई बघितली आणि कळलं, तुझ्या हातची नाही. मी खाली बसले आणि म्हटलं, किती छान फ्रॉक गं, कुणी शिवला? म्हणाली, मास्तरांनी, ते टेप घेऊन आले होते. मी म्हटलं, झालं, सापडलं. आपाची सवत आता बघतेच. मी म्हटलं, तुझी आई कुठंय? म्हणाली, आई नाही, नानी आहे, चला. आणि माझं बोट धरलं. कुणाचंही बोट धरते वाटतं ती.

वाटेत मी विचारलं, अब्बा तुमच्याबरोबर राहतात ना? म्हणाली, नाही, ते रुळांपलीकडे राहतात, तिकडे त्यांचे उस्ताद आहेत, सारखे आजारी असतात, त्यांना सोडून येता येत नाही.

आपा, ते आजारी उस्ताद म्हणजे मी. पण तेव्हाही मला कळलं नाही. उस्ताद हा शब्द कानावर पडला आणि मी नुसती चालत राहिले. पाय पुढे जात होते.

एकच खोली, स्वच्छ. कोपऱ्यात शिवणयंत्र, त्याचं चाक नव्याने बसवलेलं. नानी म्हणजे जाडजूड, हसरी बाई. तिने मला बसवलं आणि खिरीचा वाडगा हातात दिला. मी म्हटलं, माझा रोजा आहे. ती म्हणाली, अच्छा, तिकडच्या का तुम्ही. आमचे जावईही तिकडेच राहतात, मशीन दुरुस्त करतात, कदाचित ओळखत असाल.

मी म्हटलं, ओळखते.

मग ती आपणहून बोलत राहिली. मुलगी बाळंतपणात गेली. जावयाने दुसरं लग्न केलं, करणारच, तरुण माणूस. पोरीला घेऊन जातो म्हणाला होता. पण त्याच्या बायकोला लेकरांची आवड नाही. साफ सांगितलं म्हणे तिने, मला मूल नको. म्हणून पोर इथेच. तिचं तरी काय चुकलं, म्हणाली नानी, सगळ्यांची मनं सारखी नसतात.

वाडगा माझ्या हातातच होता. गरम होता, पण खाली ठेवायचं सुचलं नाही. सात वर्षं, आपा. सात रमजान मी सज्द्यात पडून मूल मागितलं, माझ्या शेजारी मुसल्यावर बसून त्याने आमीन म्हटलं. आणि माझी हाक पोचेल इतक्या अंतरावर त्याची पोर या बाईच्या मांडीवर वाढत होती, आणि तिला सांगितलं होतं की मला आवड नाही.

तेवढ्यात तो आला. नवा कुर्ता, हातात फुगा, तोंडात काहीतरी चघळत. मला बघितलं आणि चघळणं थांबलं. पोर म्हणाली, अब्बा, या बाईंचा रोजा आहे, तुम्ही यांच्यासमोर खाऊ नका. तो नानीला म्हणाला, या तिकडच्या वस्तीतल्या आहेत. एवढंच म्हणाला. तिकडच्या वस्तीतल्या.

मी उठले. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. दारापर्यंत नानी आली, तेव्हा हळूच सांगितलं, ती दुसरी बायको मीच, आणि मला लेकरांची आवड आहे. तिने दाराला हात टेकला. मी थांबले नाही.

संध्याकाळी तो मगरिबच्या आधी घरी आला. रोजच्यासारखं पाणी घेऊन समोर बसला, खजूर उचलला, अजानची वाट बघत. मी म्हटलं, तुमचा रोजा सुटून गेला सकाळीच. खजूर खाली ठेवला. म्हणाला, मी सांगणारच होतो. कधी? ईदनंतर. मी विचारलं, कोणत्या ईदनंतर? तो उठून गेला. तो आतल्या खोलीत आहे. मशिनींना तेल घालण्याचा आवाज येतोय.

उद्या आमची ईद. सकाळी सगळ्यात आधी मी रूळ ओलांडून नानीकडे जाणार, कुणाला विचारून नाही. पोरीने माझ्याशी बोलावं की नाही ते ती ठरवील. त्याचं काय करायचं ते मी अजून ठरवलं नाही.

आणि तू येतेयस. हे पत्र रात्रीच्या गाडीवाल्याच्या हाती देते, तू निघायच्या आत तुला मिळेल. ये. दार मी उघडीन, पदरही नीट घेतलेला असेल. पण भाऊजींना आणू नकोस. आणि एक गोष्ट मनात धरून ये, कारण गळाभेट घ्यायच्या आधी मी विचारणार आहे. चोविसाव्या रोज्याला तुला कळलं. स्थळ भाऊजींनी आणलं होतं हेही तुला कळलं. त्यानंतर तू मला लाडकी म्हणालीस, अनाथ पोरीची गोष्ट रचलीस, कुर्ता शिवायला घेतलास, मला गावाबाहेर बोलावलंस. अठ्ठाविसाव्या रोज्याला, मी ऐकत नाही हे बघून, खरं लिहिलंस. त्यातही शेवटी त्यांच्यावर राग धरू नकोस म्हणालीस. तू कुणाचा संसार वाचवत होतीस, माझा की तुझा?

याचं उत्तर पत्रात देऊ नकोस. पत्रात तू फार छान लिहितेस.

छोटी